लीनाने सर्वेशला दिलेला सल्ला

आपल्या चंडीगडच्या मंडळात सध्या असं बोललं जातं की लीनाने सर्वेशला मुद्दाम खोटा सल्ला दिला, कॉम्प्युटरचं चुकीचं कार्ड घ्यायला लावलं आणि त्याचा चालता धंदा बसवला. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण संक्रांतीच्या दिवशी तिथे हजर होते. तोंडात तिळाची वडी असली की कान बंद होतात, असं मला तरी कोणी शिकवलेलं नाही. म्हणून लीनाबद्दल मला जे माहीत आहे ते पहिल्यापासून लिहिते. मला रोज लिहायची सवय आहे, तेव्हा कोण काय बोललं यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

लीना सेक्टर बावीसमध्ये माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचे वडील पांडुरंगराव आणि माझे यजमान श्यामसुंदर एकाच सरकारी कचेरीत होते. ते वर्ध्याहून बदलून आले, आम्ही नागपूरहून. पुढे पांडुरंगराव गेले, तिची आई मुलाकडे वर्ध्याला परतली आणि लीना इथेच राहिली. "तिकडे जाऊन मी काय करू, काकू? वर्ध्यात माझ्या कामाला पूछणार कोण?" असं ती म्हणाली होती. तिचं मराठी असंच आहे, वाक्य अर्ध्यात आलं की हिंदीत शिरतं.

आता तिने पस्तिशी ओलांडली आहे. उंच, जरा पोक काढून चालणारी. केसांचा अंबाडा पेन्सिल खुपसून बांधते आणि थंडीत वडिलांचा तपकिरी स्वेटर घालते. स्वयंपाकात खिचडीपलीकडे गती नाही, त्यामुळे रात्रीचं जेवण माझ्याकडे होतं. स्वभावाने शांत, पण ती काहीही विसरत नाही. शाळेत एका मुलीने हिचा कंपास मोडला आणि कबूल केलं नाही. लीनाने त्या मुलीशी बोलणं सोडलं. पुढे त्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तेव्हा ही छान साडी नेसून गेली, नवरीला आहेर दिला, पोटभर जेवली आणि एक शब्द न बोलता परत आली. पांडुरंगराव ही गोष्ट कौतुकाने सांगायचे. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

तिचं काम काय ते मला समजायला वेळ लागला. एखादी इमारत अजून कागदावरच असते. आर्किटेक्टचे नकाशे घेऊन लीना ती कॉम्प्युटरवर उभी करते: भिंती, खिडक्या, बाहेरची झाडं, जमिनीवर पडणारं ऊन. मग पडद्यावर त्या इमारतीतून चालत जाता येतं. हे सगळं चितारण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक जड, विटेएवढं कार्ड बसवावं लागतं. ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. मुलं त्यावर खेळ खेळतात, लीनासारखे लोक पोट भरतात.

आठ वर्षं ती सर्वेशच्या स्टुडिओत नोकरीला होती. सर्वेशला तुम्ही सगळे ओळखता. मोहालीत ऑफिस, गळ्यात गणपतीचं लॉकेट, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक हातात. कामाचं काहीही अडलं की तो लीनाला विचारायचा, ती सांगेल त्याच्या नेमकं उलट करायचा, आणि ते फसलं की रविवारी तिला बोलावून घेऊन निस्तरायला लावायचा. हे ती मला जेवताना सांगायची, तक्रार म्हणून नाही, आज पाऊस पडला म्हणावं तसं.

दोनेक वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात मंडळाने सर्वेशचा सत्कार केला. पंचकुल्याच्या एका हॉस्पिटलची त्याच्या स्टुडिओने केलेली फिल्म खूप गाजली होती. ती फिल्म अथपासून इतिपर्यंत लीनाने केली होती. हॉलमध्ये ती दाखवली, टाळ्या पडल्या, आणि निवेदकाने विचारलं, "सर्वेशजी, हे एवढं बारीक काम करतं कोण?"

सर्वेश हसला. "अहो, कोण कशाला करतंय? अडीच लाखाचं कार्ड आहे, केस्ट्राचं. ते करतं सगळं. मुली बटन दाबतात आणि चहा पितात."

हॉल हसला. लीना माझ्या शेजारी बसली होती. आईची इरकल नेसली होती, कारण तिला वाटलं होतं की स्टेजवर बोलावतील. ती रडली नाही. परतताना ऑटोत म्हणाली, "काकू, मी याला सोडणार नाही."

"नकोच सोडूस," मी म्हटलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, हे सिस्टर आम्हाला दर शुक्रवारी शिकवत आणि त्या विषयात मला पैकीच्या पैकी मिळत. परीक्षेपुरतं पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी लीनाने राजीनामा दिला. मग सर्वेशने शहरातल्या आर्किटेक्टांना सांगत फिरायला सुरुवात केली: मुलगी हळू आहे, माझ्या मशीनशिवाय तिला काही जमत नाही. कामं येईनाशी झाली. वर्षभर तिने जुनाट कॉम्प्युटरवर लोकांची स्वयंपाकघरं आणि बाथरूम केली. ती जेवायला खाली यायची तेव्हा मी सर्वेशचं नाव काढत नसे. तीही काढत नसे. पण ते ताटाशेजारी असायचंच.

मागच्या दिवाळीनंतर हरलीन ग्रेवाल नावाच्या आर्किटेक्टबाईंचा तिला फोन आला. नॉलेज सिटीत एका संशोधन संस्थेचा नवा कॅम्पस व्हायचा होता आणि तो पडद्यावर उभा करून दाखवणारा माणूस त्यांना हवा होता. चार-पाच जणांना बोलावणार होत्या, त्यात सर्वेशही होता. अट एकच. फिल्म चालणार नाही. कमिटी समोर बसेल, म्हणेल त्या दिशेला तिथल्या तिथे चालून दाखवायचं. संस्थेचे प्रमुख वनस्पतिशास्त्राचे होते, त्यामुळे कॅम्पसवरचं प्रत्येक झाड दिसलं पाहिजे.

"हेच काम," लीना म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की मी पोळी लाटायची थांबले. "काकू, हेच घेणार मी त्याच्याकडून. सगळ्यांच्या समोर."

त्यासाठी नवं कार्ड हवं होतं. तिने स्कूटी विकली, साठवलेलं काढलं आणि दीड लाखाची सोय केली. त्याच्या वर एक रुपया नव्हता. आम्ही दोघी सेक्टर वीसच्या कॉम्प्युटर मार्केटात बन्सलजींच्या दुकानात गेलो. बन्सलजींनी काउंटरवर दोन डबे ठेवले. किंमत साधारण सारखीच. एक केस्ट्रा: काळा चकचकीत डबा, त्यावर वाघाचा पिवळा डोळा. दुसरा निंबर: राखाडी पुठ्ठा, औषधाच्या खोक्यासारखा.

"केस्ट्रा ले जाओ जी, आँख बंद करके," बन्सलजी म्हणाले. "सर्वेश सर के यहाँ सब यही चलता है. ऊपर से सर्विस सेंटर यहीं चंडीगड में. निंबर का कुछ हुआ तो दिल्ली भेजना पड़ेगा."

"दोनों में चिप तो एक ही कंपनी की है न?" लीनाने विचारलं.

"चिप एक कंपनी की, नंबर अलग. केस्ट्रा वाली ज्यादा तेज है. लाइट देखो जी, लाइट!" त्यांनी दुकानातलं एक चालू करून दाखवलं. तीन पंखे फिरू लागले आणि लाल-निळे दिवे धावू लागले. जत्रेतला पाळणाच.

लीनाने केस्ट्राचा डबा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "काकू, सर्वेशकडे आहे ना, त्याच्या वरचा नंबर आहे हा. आता भाव उतरलेत म्हणून स्वस्त. टेबलवर ठेवला की त्याला दुरून दिसेल."

"मग घे," मी म्हटलं. त्याचा चेहरा मला आत्ताच दिसत होता.

पण तिने डबा परत ठेवला. "घरी जाऊन आधी मोजते."

चार-पाच दिवस ती वरून खाली आली नाही, जेवण मीच वर पोचवलं. मग एका दुपारी तिने मला हाक मारली. पडद्यावर कॅम्पस होता. अजून रंग नव्हते, पण झाडं सगळी उभी होती: कडुनिंब, अर्जुन, बहावा, पानापानासकट. जुन्या कॉम्प्युटरवर, कार्ड न वापरता, ते चित्र मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. कोपऱ्यात एक आकडा होता.

"एकोणीस जीबी," ती म्हणाली. "एवढी जागा लागते या सीनला. काकू, कार्डाचा वेग म्हणजे गॅसची आच समजा. आणि मेमरी म्हणजे ओटा. केस्ट्राची आच मोठी आहे, पण ओटा बारा जीबीचा. निंबरची आच थोडी कमी, ओटा चोवीसचा. परातच मावली नाही तर आच घेऊन काय चाटायचंय?"

"मग सर्वेशचं केस्ट्राही बाराचंच असेल. तिथे कसं भागायचं?"

"मी भागवायची. सीनचे तुकडे करायची. कॅमेरा जिकडे बघणार तेवढंच ठेवायचं, मागचं सगळं काढून टाकायचं. फिल्ममध्ये चालतं ते, कोणी मागे वळून बघत नाही. त्याला हे ठाऊकच नाही. त्याला वाटतं, कार्ड करतं."

मी अजून एक विचारलं, कारण माझ्या मनातून तो वाघाचा डोळा गेला नव्हता. "दोन स्वस्तातली केस्ट्रा घेतली तर? बारा आणि बारा चोवीस."

ती हसली. त्या वर्षात पहिल्यांदाच. "नाही होत. प्रत्येक कार्डाला अख्खा सीन आपल्याच ओट्यावर लागतो. अर्धी परात तुमच्या ओट्यावर आणि अर्धी माझ्या ओट्यावर ठेवून कणीक मळता येईल का? फक्त काम वाटलं जातं, जागा नाही."

तिने निंबर घेतलं. राखाडी खोकं मांडीवर धरून ऑटोत म्हणाली, "दिसायला काही नाही हे. पण माझा दात आहे सर्वेशवर, काकू. मधेच मान टाकणारं मशीन मला परवडणार नाही."

आता संक्रांत. रविवार होता, आठवडाभराच्या धुक्यानंतर ऊन पडलं होतं आणि मंडळाच्या हॉलबाहेर गवतावर खुर्च्या मांडल्या होत्या. हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढून न थांबता गेलं, तेही मी त्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवलं आहे. सर्वेश तिळगुळाचा डबा घेऊन सगळ्यांत फिरत होता. लीनासमोर येऊन थांबला आणि मुद्दाम आवाज चढवला.

"लीना मॅडम! घ्या तिळगूळ. आज तरी गोड बोला यार आमच्याशी."

लीनाने वडी घेतली. "बोला, सर."

"नॉलेज सिटीला तू पण येतेयस म्हणे! छान, छान. अगं, मला चार नवी कार्डं घ्यायचीत. जुनी खलास झाली आणि बँक हात आखडतेय, बजेट टाइट. केस्ट्रा घेऊ की निंबर? बन्सल निंबरचं काहीतरी बोलायला लागलाय आजकाल. तू आठ वर्षं बटनं दाबलीस, तूच सांग." मग आजूबाजूला बघून डोळा मिचकावला. "म्हणजे तू सांगशील त्याच्या उलट घेतो. काम सोपं!"

तुम्ही हसलात. दामोदरराव, तुम्ही तर खुर्चीच्या पाठीवर थाप मारलीत.

लीनाने हातातली वडी खाल्ली, बोटं रुमालाला पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निंबर घ्या, सर."

"अरे वा! आणि तू काय घेतलंस?"

"निंबर."

"ते तुझ्या बजेटचं झालं."

"तुमच्या पण बजेटचं तेच आहे. चार घेऊ नका, एकच घ्या, बाकीचे पैसे वाचवा. या कामाला स्पीड नाही लागत, मेमरी लागते. केस्ट्रा बाराचं आहे. त्यात हा कॅम्पस मावणार नाही."

"चार घेतोय गं बाई मी! बारा चोक अठ्ठेचाळीस. पाढे तरी येतात ना?"

"मेमरीची बेरीज होत नाही, सर. चार घेतली तरी बाराच राहते."

सर्वेशने डबा उंच केला आणि सगळ्यांकडे वळला. "बघा! संक्रांतीच्या दिवशी, तिळगूळ खाऊन, मला बुडवायला निघाली! अठ्ठेचाळीसचे बारा करते!"

पुन्हा हशा. लीनाने तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्या दिवशी तिथे बोललं गेलं ते एवढंच. खोटं काय होतं त्यात, ते मला कोणीतरी दाखवून द्यावं.

घरी येताना मी तिच्यावर चिडले होते. "एवढं वर्ष दात धरून बसलीस आणि शेवटी त्याला खरं सांगून टाकलंस? काही नाही तर गप्प बसायचं होतंस!"

ती ऑटोतून बाहेर बघत होती. "काकू, आठ वर्षांत त्याने एकदा तरी माझं ऐकलं का? केस्ट्रा घ्या म्हटलं असतं तर आज तो निंबर घेऊन बसला असता." मग म्हणाली, "आता तो केस्ट्राच घेईल. चार. पक्का."

मला माझ्या सगळ्या सिस्टर आठवल्या. खरं बोलावं, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी शिवानी माझ्याकडे आली. सर्वेशची बायको, स्टुडिओचे हिशेब तीच बघायची. तिच्या हातात पाटल्या नव्हत्या, काचेच्या दोन बांगड्या होत्या. लीनाला खाली बोलवा म्हणाली. लीना आली आणि दाराशीच उभी राहिली.

"कार्डं आलीत," शिवानी म्हणाली. "चार केस्ट्रा. डबे अजून फोडले नाहीत. सील असेल तर बन्सल शनिवारपर्यंत परत घेतो म्हणतोय. लीना, तू त्या दिवशी खरं बोलत होतीस ना?"

"खरंच बोलत होते, वहिनी."

"मला वाटलंच. मी घसा फोडून सांगतेय, पण तो म्हणतो, ती टपलीय माझ्यावर. तू एकदा ये ना स्टुडिओत. सीन उघडला की तो आकडा दिसतो म्हणतात, तेवढा दाखव. तुझं नाही तरी आकड्याचं ऐकेल तो. पाच मिनिटांचं काम आहे."

शिवानीने काचेच्या बांगड्यांचा हात पुढे केला.

"त्यात माझ्या पाटल्या गेल्यात गं. आईने घातलेल्या."

"मी सांगायचं ते सांगितलंय. सगळ्यांसमोर सांगितलंय."

"मग दाखवायला काय जातंय तुझं?"

"माझं काहीच जात नाही, वहिनी. मी येणार नाही."

शिवानीचा आवाज चढला. "मी काय वाकडं केलं होतं तुझं?"

"काही नाही. त्या सत्काराच्या दिवशी तुम्ही पण हसला होता."

"अगं, सगळेच हसले होते!"

"हो," लीना म्हणाली.

शिवानी माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला."

मी म्हटलं, "चहा घे, शिवानी. गार होतोय." तिने तो घेतला नाही. ती गेल्यावर लीना वर गेली आणि मी कप धुतला. ती मुलगी वाईट नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण एकदा दया दाखवली की ती सगळी सर्वेशच्या खिशात जाणार होती आणि सत्कार पुन्हा त्याचाच होणार होता.

फेब्रुवारीत कमिटीसमोर जायचा दिवस आला. मी सोबत गेले, कारण टॅक्सीत कोणीतरी कार्ड मांडीवर घेऊन बसायला हवं होतं. मशीनमध्ये ठेवून नेलं तर खड्ड्यात त्याच्या वजनाने खाच मोडते. म्हणून लीनाने ते काढलं, मऊ पंच्यात गुंडाळलं आणि मला दिलं. मी ते नॉलेज सिटीपर्यंत तान्ह्या बाळासारखं नेलं. बाहेरच्या खोलीत तिने ते परत बसवलं.

मोठ्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला हरलीनबाई आणि कमिटी, मधे प्रमुख प्रोफेसर, पांढरी दाढी, आवाज बारीक. मला लीनाची सहायक समजून त्यांनी खुर्ची दिली. सर्वेशचा नंबर आधी होता. त्याचं मशीन काचेच्या पेटीत, आत चार कार्डं, दिवे धावतायत. त्याने आधी फिल्म लावलीच. सुंदर होती, खोटं कशाला लिहू. मुख्य दारातून आत, पायऱ्या, काच, आकाश.

प्रोफेसर म्हणाले, "बहुत अच्छा. अब पीछे वाले गेट से ले चलिए. सारे पेड़ों के साथ."

"सर, फ्रंट व्ह्यू ज्यादा इम्प्रेसिव्ह है."

"मैं रोज पीछे से ही आऊँगा," प्रोफेसर म्हणाले.

सर्वेशने अख्खा सीन उघडला. पंखे जोरात फिरू लागले. पडद्यावर जमीन आली, भिंती आल्या, अर्धवट झाडं आली, आणि मग सगळं राखाडी झालं. मधोमध एक चौकोन आला, मेमरी अपुरी. त्याने तो बंद केला, पुन्हा उघडलं. पुन्हा तोच चौकोन. तिसऱ्यांदा मशीनच बंद पडलं आणि दिवे विझले. हरलीनबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

सर्वेश लीनाकडे वळला आणि मराठीत म्हणाला, बाकीच्यांना कळू नये म्हणून, "लीना, बघ ना जरा. मागचं कसं काढायचं असतं ते. प्लीज. एकदाच."

ती उठली नाही. हिंदीत, सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "सर, मैं दूसरी पार्टी हूँ. आपकी मशीन को हाथ नहीं लगा सकती."

तिच्या पाळीला प्रोफेसरांनी तिला मागच्या गेटातून नेलं, मग वसतिगृहाच्या गच्चीवर, मग एका अर्जुनाच्या झाडाखाली उभं करून सकाळचं ऊन दाखव म्हणाले, मग संध्याकाळचं. चित्र सर्वेशच्या फिल्मइतकं सरसर चालत नव्हतं, एकदोनदा अडखळलं. पण कुठे थांबलं नाही. प्रोफेसर शेवटी खुर्ची ओढून पडद्याजवळ जाऊन बसले. सर्वेश आपल्या पेटीची वायर गुंडाळत होता आणि ती त्याच्या हातून पुन्हा पुन्हा सुटत होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. नजर वळवावी असं मला एकदाही वाटलं नाही.

काम लीनाला मिळालं. केस्ट्राचे डबे फुटले होते, त्यामुळे बन्सलजींनी ती कार्डं जुनी म्हणून निम्म्या भावात घेतली. सर्वेशचं मोहालीचं ऑफिस मेमध्ये बंद झालं. त्याच्याकडच्या दोन मुली आता माझ्या वरच्या मजल्यावर कामाला येतात आणि त्या केलेल्या प्रत्येक कामाखाली स्वतःचं नाव घालतात. ते लीनाने पहिल्याच दिवशी सांगितलं.

सर्वेशला मात्र अजूनही वाटतं की त्याला फसवलं गेलं. तिने खरं सांगून फसवलं, असं तो म्हणतो, आणि तुम्ही माना डोलावता. मंडळाच्या अंकात हे लिहायचं मी ठरवलं तेव्हा लीनाला विचारलं. ती जेवत होती. मी म्हटलं, "शिवानी आली होती ते मी गाळते. तेवढं एक तुला शोभत नाही. बाकी सगळ्यात तुझी बाजू स्वच्छ आहे."

तिने ताटातून मान वर केली. "नाही, काकू. ते लिहा. ती आली होती आणि मी नाही म्हटलं, हे पक्का लिहा. नाहीतर लोक म्हणतील, बिचारी किती चांगली, तिने तर खरंच सांगितलं होतं. मला बिचारी नाही व्हायचं."

"आणि शिवानीने वाचलं तर?"

"वाचू देत. तिला तर माहीतच आहे."

मग तिने आणखी अर्धी पोळी मागून घेतली.